आत्याबाईंना दाखवायचं नाही

मावशी : डबा द्यायला आला होतात ना? दिलात की. मग आता भर दुपारी स्वेटर घालून घाम पुसत का बसलाय?

भावजी : बसू नको का? सख्ख्या वहिनीचा दवाखाना आहे.

मावशी : बसा हो, बाक काही मी माहेरून आणलेला नाही. पण तुम्ही आल्यापासून दोन्ही कुत्रे मालकाच्या मांडीवर चढून बसलेत, आणि ती मांजर पिंजऱ्याच्या छताला चिकटलीय. शिवाय तुमचं पोट हलतंय.

भावजी : गॅस झालाय.

मावशी : डावीकडून उजवीकडे? आणि परत डावीकडे? डॉक्टरबाई! जरा बाहेर येता का? तुमचे दीर आलेत, आणि मला काही ते एकटे आलेले दिसत नाहीत.

वहिनी : या भावजी, आत या. मावशी, तुम्हीही या आणि दार लावून घ्या. असे उभे का? टेकवत नाही का? आत्याबाईंना घेऊन आलात?

भावजी : छे! मी डबा घेऊन आलो. आत्याबाई आपल्या बरोबर आल्या.

मावशी : आता या आत्याबाई कोण?

वहिनी : भावजींनी पाळलेली अजगराची मादी. आमच्या वरच्याच खोलीत असते, पण मी काही अजून पाहिलेली नाही. इतकी वर्षं एका जिन्यावरून जातो-येतो आम्ही, पण वरचं दार कायम लावलेलं.

भावजी : दादाला आवडत नाही म्हणून लावलेलं.

वहिनी : तुमच्या दादांना नाही आवडत. मला कोणी विचारलं होतं?

मावशी : पण नाव आत्याबाई?

भावजी : आमच्या थोरल्या आत्यासारख्याच आहेत. कोपऱ्यात बसतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा जेवल्या की पंधरवडाभर जागच्या हलत नाहीत. आत्या वारली त्याच वर्षी या आल्या.

वहिनी : काय होतंय त्यांना?

भावजी : होत काही नाही. आपलं गप्पा म्हणून सांगतो. मान वर करून बसतात, तोंड उघडं ठेवतात. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते. गेले दोन दिवस उचललं तर हाताला विळखा घालत नाहीत, नुसत्या लोंबतात. हे तुम्ही डॉक्टर म्हणून ऐकू नका हं. वहिनी म्हणून ऐका.

वहिनी : बरं. मग वहिनी म्हणून सांगते, डॉक्टरला दाखवा.

भावजी : तेच तर करता येत नाही. शपथ आहे.

मावशी : कोणाची?

भावजी : आमच्या सर्पपालक मंडळाची. मी अध्यक्ष आहे. मागच्या सभेत सगळ्यांना उभं करून मीच शपथ दिली. ‘मी माझा साप कोणत्याही डॉक्टरला दाखवणार नाही. त्याचे उपचार मी स्वतः करीन.’ टाळ्या पडल्या होत्या.

मावशी : डॉक्टरांनी काय घोडं मारलंय तुमचं?

भावजी : डॉक्टरांना कुत्री कळतात, मावशी. आमच्या एका सभासदानं धामण नेली एकाकडे. त्यानं लांबून बघितलं आणि सांगितलं, शेपूट हलवत नाही, म्हणजे उदास आहे. रोज फिरायला न्या.

मावशी : नेली?

भावजी : नेली ना! पट्टा कुठे बांधायचा तेच कळेना.

वहिनी : असं झालं असेल. नाही म्हणत नाही मी. पण शपथ घेतलीत तर ती मोडा, असंही मी सांगणार नाही. नेम म्हणजे नेम. फक्त शब्द नीट सांगा. ‘दाखवणार नाही’ असंच आहे ना?

भावजी : शब्दन् शब्द मीच लिहिलाय.

वहिनी : ‘ऐकवणार नाही’ असं कुठे नाही?

भावजी : नाही.

वहिनी : मग स्वेटर काढू नका. इकडे सरका. तोंड कुठल्या बाजूला आहे त्यांचं? डाव्या काखेत? बरं. आता मी नळी लावते, श्वास रोखून धरा.

भावजी : त्यांनी?

वहिनी : तुम्ही. तुमचं हृदय मध्येमध्ये बोलतंय. हं... भावजी, बरीच घरघर आहे हो. फुप्फुसात पाणी झालंय असं वाटतं.

मावशी : आणि बामाचा वास कसला येतोय एवढा?

भावजी : छातीला चोळला होता.

मावशी : सापाची छाती कुठे असते?

भावजी : तेच समजेना. म्हणून अर्ध्यापर्यंत चोळला.

वहिनी : आणखी काय काय केलंत? रागावणार नाही मी.

भावजी : वाफ दिली. बादलीवर चाळण ठेवून. मग मध चाटवला, पण त्यांनी चाटला नाही, मलाच चाटावा लागला. मग ते गुलाबी औषध दिलं. तुमच्या छोटूचं उरलेलं.

वहिनी : ती बाटली तुम्ही नेलीत? अख्खं घर पालथं घातलं मी! किती दिलंत?

भावजी : छोटूएवढंच. दोघं एकाच वयाचे आहेत ना.

वहिनी : देवा रे.

भावजी : बघा, म्हणाला होतात रागावणार नाही.

वहिनी : रागावले नाही. देवाला हाक मारली. अंगाला ऊब मिळते का त्यांच्या? पेटीत हीटर आहे ना?

भावजी : आहे तर! त्या बाबतीत बोलायचं काम नाही. दिवसभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करतो मी, तापमान म्हणजे माझ्या हातचा मळ. विकतचा थर्मोस्टॅट जळाला, तर त्याच दिवशी जुन्या फ्रीजचा काढून, उबेच्या आकड्यावर लावून बसवला.

वहिनी : फ्रीजचा?

भावजी : एक नंबर माल. गार झालं की आपोआप बंद करतो.

वहिनी : काय बंद करतो?

भावजी : मशीन. म्हणजे फ्रीजमध्ये मशीन. इथे मशीनच्या जागी हीटर जोडला, त्यामुळे गार झालं की हीटर...

मावशी : का थांबलात?

भावजी : गार झालं की हीटर बंद.

मावशी : आणि गरम झालं की चालू?

भावजी : हात आपोआप चालतो हो, मावशी. सवयीचा हात आहे. माझ्या मनात सुद्धा आलं नाही... मी रोज सकाळी पेटीला हात लावायचो आणि म्हणायचो, वा, कसा छान गारवा आहे!

वहिनी : जाऊ दे. कळलं ना आता? रडू नका, त्यांना धक्के बसतात. मला तोंडाच्या आत बघायला हवं होतं, पण तुम्ही दाखवायचं नाही म्हणता. असं करू. मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभी राहते. मावशी बघतील आणि मला सांगतील.

भावजी : मावशी डॉक्टर नाहीत ना?

मावशी : मी कोणीच नाही बाबा. मी लादी पुसते आणि कुत्री धरते. काढा बाहेर.

वहिनी : डोळे मिटले. काढा.

मावशी : अगो बाई! केवढी ही! हिच्यापुढे माझा दंड बारीक आहे!

वहिनी : मावशी, तोंड.

मावशी : तोंड उघडंच आहे. आत फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखं. कडेला चिकट फेस आलाय. एका नाकपुडीत फुगा येतो, मोठा होतो आणि फुटतो. भाऊ, तुम्ही कशाला तोंड उघडलंय?

भावजी : त्यांना बरं वाटावं म्हणून.

वहिनी : हिरड्यांवर पिवळं काही?

मावशी : पिवळं नाही. दात आहेत. पुष्कळ आहेत. चावते का हो ही?

भावजी : आत्याबाई? कधी नाही. एकदा चावल्या तेव्हा चूक माझीच होती.

वहिनी : आता वजन. भावजी, त्यांना घेऊन काट्यावर उभे राहा. मावशी, आकडा वाचा. मग आत्याबाईंना तुम्ही गळ्यात घ्या आणि भावजींचा एकट्याचा आकडा वाचा.

मावशी : माझ्या गळ्यात? डॉक्टरबाई, या नोकरीत मी गाढवाचं बाळंतपण केलंय, हे मात्र नवीन आहे. आणा. हळू, हळू... गार आहे गं. एवढी गार कशी लागते?

भावजी : आता नका ना बोलू त्यावर, मावशी.

वहिनी : कळलं वजन. पाठ फिरवूनच औषध भरते आता. नीट ऐका भावजी. आज सुई मिळाली आणि आजपासून ऊब मिळाली, तर आशा आहे. आणखी चारदोन दिवस असेच गेले तर मग मला बोलावू नका. बोलावलंत तर येईन मी, पण उपयोग व्हायचा नाही.

भावजी : सुई माझ्याकडे पण आहे. खिशात. भरलेली आहे.

वहिनी : कशानं भरलीय?

भावजी : आमच्या एका सभासदाचा गोठा आहे. त्याच्याकडचं म्हशीचं औषध. पण भागाकार करून घेतलाय! म्हशीचं वजन भागिले आत्याबाई.

वहिनी : भागाकार कोणी केला?

भावजी : मंडळाच्या खजिनदारानं.

मावशी : त्याला येतो?

भावजी : हिशोब तर नेहमी तोच करतो. दोन वेळा केला, दोन उत्तरं आली, मग मधलं घेतलं.

वहिनी : आणि टोचणार कुठे होतात?

भावजी : शेपटीकडे. तोंडापासून लांब, म्हणजे सुरक्षित.

वहिनी : तुम्ही सुरक्षित, भावजी. त्या नव्हेत. सापाला मागच्या बाजूला टोचलं की औषध अंगात भिनायच्या आधी मूत्रपिंडाकडे जातं. त्यात ते म्हशीचं. मग का नाही टोचलंत?

भावजी : टोचायलाच बसलो होतो सकाळी. बाजूला कापूस ठेवला, सगळं ठेवलं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

वहिनी : सापाला पापण्या नसतात. तो बघतच असतो.

भावजी : माहितीय हो मला! मंडळात मीच शिकवतो सगळ्यांना. पण बघत होत्या. मग म्हटलं, आज वहिनींचा डबा दादाऐवजी मीच नेऊन देतो.

मावशी : डॉक्टरबाई, यांचा फोन वाजतोय. स्वेटरच्या आत.

भावजी : मंडळाचा असेल. घ्यायलाच हवा. हॅलो. हां, अध्यक्ष बोलतोय. काय? तुझी पण तोंड उघडं ठेवते? कधीपासून? हं. मध? दिला का? कोणी सांगितलं? मी? ...हो, मीच सांगितलं होतं. नाही, कुठे काय, वहिनींना डबा द्यायला आलोय. हो, त्याच वहिनी. नाही रे, डबाच! कुत्रं नाही भुंकत, रेडिओ आहे. हे बघ, आत्ता काही देऊ नकोस. वाफ नको, मध नको, काही नको. नुसती उबेत ठेव आणि माझ्या फोनची वाट बघ. अरे, अध्यक्षाला पण विचार करायला वेळ लागतो! ठेव.

वहिनी : मी तयार आहे. डोळे मिटलेत. भावजी, तुम्ही त्यांना टेबलावर धरा. मावशी, माझा हात धरून न्या. पुढच्या भागात द्यायचीय, मान संपल्यावर जरा मागे, कण्याच्या बाजूला.

भावजी : वहिनी, डोळे मिटून सुई देणार?

वहिनी : तुमची शपथ माझ्यामुळे मोडायला नको. मावशी, इथे?

मावशी : जरा वर. अंऽ, डावीकडे. तुमच्या नाही, माझ्या डावीकडे. आता खाली. थांबा थांबा, ते भाऊंचं मनगट आहे!

वहिनी : हे?

मावशी : ते टेबल.

वहिनी : मग हे असेल. थंड लागतंय. भावजी, इथेच ना? देते हं देवाचं नाव घेऊन.

भावजी : थांबा.

वहिनी : थांबले.

भावजी : डोळे उघडा, वहिनी.

वहिनी : आणि मंडळ?

भावजी : त्यांना सांगेन मी. अध्यक्षपद गेलं तर गेलं. खजिनदाराला हवंच आहे. हवं तर मी पुढच्या सभेत पुन्हा सगळ्यांना उभं करीन आणि... नाही. शपथ नको आता. नुसता तुमचा नंबर देईन. तुम्ही उघडा ना डोळे. हिला श्वास घेता येत नाहीये.

(वहिनी डोळे उघडतात. सुई टोचून होते.)

वहिनी : झालं. संध्याकाळी विकतचा थर्मोस्टॅट घेऊन या, मी वर येऊन बघेन. दार लावून ठेवू नका.

भावजी : नाही लावणार.

वहिनी : भावजी, अहो, किती देखण्या आहेत या! ही नक्षी बघा पाठीवरची. कोणी बसून काढल्यासारखी.

भावजी : आज चेहरा उतरलाय त्यांचा. एरवी याहून छान दिसतात.