आजीचं 'हं'

...आणि वर फ्रेंचच्या मॅडम काय म्हणाल्या, "रोज अर्धा तास फ्रेंच बोलायचं, मोठ्याने, समोर माणूस बसवून!" आता तुम्हाला सांगतो, नाशिकरोडला फ्रेंच ऐकायला माणूस आणायचा कुठून? प्रफुल्लने विद्यापीठात घेतलं होतं सामाजिक धोरण, म्हणजे सरकारने म्हाताऱ्याकोताऱ्यांचं, गोरगरिबांचं काय करायचं ते शिकायचं. पण सोबत एक परदेशी भाषा घ्यावीच लागते, तोंडी परीक्षेत आपटलात की वर्ष गेलं, आणि जर्मनच्या जागा संपलेल्या! वडील हिरामण, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून शिफ्ट करून आलेले, कपाळाला हात लावून विचारायचे, "बाकी सगळं ठीक, पण फ्रेंच कशाला, फ्रेंच?"

बरं, आईपुढे बोलावं तर टीव्हीचा आवाज वाढायचा, मित्रांपुढे बोलावं तर ते हसून लोळायचे... उरलं कोण? आजी! शकुबाई. खुब्याचं हाड मोडून मागच्या खोलीत पडलेली. तशी तिची आबाळ नव्हती हो! चहा यायचा, गोळी यायची, जाता जाता कुणी पंखा लावायचं... बसायचं मात्र कुणी नाही. हा बसला. पहिल्याच वाक्याला म्हातारी म्हणते, "आरं, नाक चोंदलंय का तुझं?" पण दुसऱ्यापासून तिने जे धरलं... "हं." गोष्ट ऐकताना म्हणतात ना, तसं दर वाक्याला, "हं." हा फ्रेंचमधून सांगायचा, आमच्या घराला बाग आहे. "हं." कसली बाग, कुंडीत एक कोरफड! सुट्टीत आम्ही समुद्रावर जातो. "हं, मग?"

हिरामणने दारातून डोकावून विचारलं, "आई, तुला कळतंय का काही?"

"नाय कळत. पन बोलू दे त्याला. कोनतरी बोलतंय माझ्यासंगं."

"पण फ्रेंच कशाला, फ्रेंच?" म्हणत गेले आपले चहा प्यायला!

परीक्षा तोंडावर आली. एका दुपारी ह्याने समुद्राचं वाक्य म्हटलं... आणि 'हं' आलंच नाही. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तिसऱ्यांदा तर ओरडूनच, आणि पुढच्या खोलीतून वडील ओरडतायत, "अरे, एवढं ओरडून फ्रेंच कशाला, फ्रेंच?"

म्हातारी गेली, तिचा जलदानविधीसुद्धा व्हायचा होता, त्याआधीच तोंडी परीक्षा! बाहेरून आलेले सर म्हणाले, "घराबद्दल बोला." ह्याने एक वाक्य म्हटलं, स्वच्छ, आणि थांबला. सर थांबलेत, हा थांबलाय. दुसरं वाक्य. पुन्हा थांबला. "पुढे?" अहो, पुढे काय पुढे! कुणी 'हं' म्हटल्याशिवाय ह्याला पुढे जाताच येईना! शेरा मिळाला: 'उच्चार उत्तम, पण अडखळतो.' नापास.

आणि सामाजिक धोरणात? वर्गात पहिला! प्रश्न आला होता वृद्धांच्या सांभाळाचा, आणि ह्याने पाठ केलेलं जसंच्या तसं उतरवलं, की आपल्याकडे वृद्ध एकटे पडत नाहीत, त्यांना कुटुंब असतं. हिरामणने दोन्ही निकाल पाहिले, मागच्या खोलीतल्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं, आणि ह्या वेळी फ्रेंच कशाला ते काही विचारलं नाही.

लेखी पेपरचं बरं असतं हो... समोर कुणाला बसावं लागत नाही.