मुदत संपायच्या आत

चप्पल जाते हो एखाद्याची, चिखलात रुतते, अंगठा तुटतो, कुत्रं पळवतं, सगळं मान्य... पण पायातली चप्पल पायातून गेली आणि पायालाच त्याचा पत्ता नाही, हे कधी ऐकलंय तुम्ही? मी सकाळी घरातून निघालो, कोपऱ्यावर वळलो, न्हाव्याच्या दुकानावरून गेलो, न्हावी वस्तरा हवेत धरून माझ्याकडे बघत राहिला, मला वाटलं नवा शर्ट आवडला असेल, तसाच ड्रायव्हिंग स्कूलच्या पायऱ्या चढलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "सर, दुसरी चप्पल?" खाली बघतो तर डाव्या पायात चप्पल आणि उजवा पाय नुसता. तुम्हाला सांगतो, लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. म्हटलं, असेल रस्त्यात कुठेतरी, आणि आत जाऊन बूट घातले.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? अहो, मी गाडी शिकवतो! शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग आणि माझ्या बाजूला, माझ्या पायाखाली, दुसरा ब्रेक. समोरचा माणूस घाबरून खांबाकडे निघाला की मी तोंडाने "छान, छान, सावकाश" म्हणायचं आणि पायाने गाडी थांबवायची. माझं अख्खं घर त्या एका उजव्या पायावर उभं आहे. आणि तोच पाय मला काही विचारत नाही, सांगत नाही, भांडण झालेल्या भाडेकरूसारखा आपला आपण राहतो. कशामुळे? तर कपाटामुळे.

कपाट म्हणजे आमच्या झोपायच्या खोलीतलं, खिडकीजवळचं. त्यात पूर्वी माझे कपडे असायचे. मग एकदा काय झालं, नदीवरचा पूल खचला, आमच्या बाजूची दुकानं आठवडाभर रिकामी, मुलगी तेव्हा लहान, आणि हिने तिला रोज पाण्यात कालवलेली बिस्किटं भरवली. ही म्हणजे माझी बायको. पूल झाला, दुकानं भरली, मुलगी मोठी होऊन दुसऱ्या गावी नोकरीलाही गेली, पण हिच्या डोक्यातून ती बिस्किटं काही गेली नाहीत. आणि त्यात भर घालायला हिचा मोठा भाऊ. विम्याचा एजंट! म्हणजे दुसऱ्याच्या संकटाचा विचार करणं हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा. तो आला, माझे कपडे खाली काढले आणि कपाट भरलं. पाण्याचे कॅन, तांदूळ, डबाबंद कडधान्यं, मेणबत्त्या, टॉर्च, अंगाला लावायचं तेल. मी म्हटलं, झालं? तर म्हणाला, "भाऊजी, पोट भरेल हो. पण जीवनसत्त्वं? रस्ते बंद, बाजार बंद, हिरवं पान दिसणार नाही महिनाभर. हिरड्यांतून रक्त येईल तेव्हा कुणाकडे जाल? तहान लागल्यावर विहीर खणायची नसते."

खणली की हो विहीर! एक अख्खा कप्पा गोळ्यांचा. ताकदीच्या गोळ्या, नसांच्या गोळ्या, सगळ्या जीवनसत्त्वांची मिळून एक, पाण्यात टाकली की फसफसणारी एक... आणि बसलो संकटाची वाट बघत. आता संकट सांगून येत नाही, हे मेहुण्याचं आवडतं वाक्य, पण गोळ्यांची मुदत सांगून येते ना, बाटलीवर छापूनच येते! संकट येईना आणि मुदत संपत चालली. एक दिवस ही सगळ्या बाटल्या पलंगावर मांडून बसली, चष्मा लावून तारखा वाचल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, वाया जायला नको."

बस्स. तिथून सुरू झालं.

दुसरं कोण खाणार? हिला ॲसिडिटी. मुलगी फोनवर नुसती हसली. मेहुण्याकडे त्याचंच कपाट. राहिलो मी. सकाळी चहाबरोबर एक, दुपारी डबा खाल्ला की दोन, संध्याकाळी ते फसफसणारं... मी म्हटलं, अगं, बाटलीवर रोज एक लिहिलंय. तर म्हणे, "एक-एक घेतलीत तर मुदतीच्या आत संपणार कशी?" याला उत्तर आहे तुमच्याकडे? मी आपली दुसरी गोळी गिळली. बरं, बाटली संपली की कपाट रिकामं दिसतं, म्हणून नवी आणायची, आणायची तर मोठी, कारण मोठी स्वस्त पडते, आणि मोठीची मुदतही तेवढीच! म्हणजे विहीर खणली, तहान लागेना, तर आता पाणी शिळं होईल म्हणून मला धरून पाजायला बसले.

आधी पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या, त्यांनाही तिथे करमलं नसावं. मग पावलं गेली. मोज्यात टाचणी राहिली होती, दिवसभर टोचत असणार, संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा समजलं. ही घाबरली, भावाला फोन लावला, स्पीकरवर. तिकडून अगदी शांत आवाज, "बधिरपणा? म्हणजे नसांना कमी पडतंय. नसांच्या गोळ्या दुप्पट करा." मी म्हटलं, अहो, जास्त तर होत नाही ना? "छे हो, जीवनसत्त्व आहे ते. जास्त झालं तर लघवीतून निघून जातं." आणि मला पटलं, कारण जाताना दिसत होतं ना ते, असं पिवळंधमक की मेणबत्तीची गरज नाही! केल्या दुप्पट. आणि काय झालं माहितीये का, त्याच सुमाराला मला पायांचंच काय, कशाचंच काही वाटेनासं झालं. मुलगी म्हणाली, बाबा, सुट्टीला यायला जमत नाही. म्हटलं, बरं. स्कूलच्या मालकाने माझी गाडी दुसऱ्याला दिली, मला जुना खटारा दिला. बरं. राग माणसाच्या अंगात कुठे असतो ते शोधायला गेलो, तर सापडेना. गोळी समोर आली की तोंड उघडायचं. वाया जायला नको.

त्यात त्या बाई. मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या, म्हणाल्या आता गाडी शिकते. पट्टा लावायच्या, आरसा नीट करायच्या आणि मला बजावायच्या, "चुकले तर ओरडा." मी कसला ओरडतोय? तर आम्ही बाजाराच्या चौकात आलो. समोर एक आई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडतेय. मी तोंडाने "छान, सावकाश" म्हटलं आणि ब्रेक दाबला. गाडी थांबेना. आणखी दाबला. जीव खाऊन दाबला! गाडी आपली चाललीच आहे. खाली बघतो तर माझा पाय ब्रेकच्या शेजारी, मॅटवर, सगळा जोर लावून नुसती जमीन दाबतोय. शेवटी बाईंनीच कचकन ब्रेक मारला. बाबागाडी राहिली हाताच्या अंतरावर. ती आई आमच्याकडे बघत उभी, आणि आतलं मूल मात्र हसतंय, मूलच ते. बाई घामाने निथळलेल्या. माझ्याकडे वळल्या, डोळ्यांत पाणी, म्हणाल्या, "सर, आज पहिल्यांदा तुम्ही मला माझ्या भरवशावर सोडलंत."

"शाबास" म्हटलं, गाडी त्यांनाच परत आणायला लावली आणि किल्ली काउंटरवर ठेवून दिली. त्या बाबागाडीकडे बघूनसुद्धा माझी छाती धडधडली नाही हो... भीती वाटली नाही, याची तरी भीती वाटायला पाहिजे, एवढं डोक्याला कळत होतं. म्हणून हिला घेऊन गेलो डॉक्टरकडे.

डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा, टोचलेलं कळलं की सांगा." मिटले. बसलो. बराच वेळ बसलो. म्हटलं, डॉक्टर, सुरू कधी करणार? म्हणाले, "झालं." मग विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का? हिने मोठ्या अभिमानाने गोळ्यांची पिशवीच टेबलावर उपडी केली. डॉक्टर एकेक बाटली उचलतात, मागचं बारीक अक्षर वाचतात, खाली ठेवतात. ताकदीची, नसांची, सगळ्यांची मिळून, फसफसणारी... प्रत्येकीत बी-सिक्स! नावं वेगळी, माल तोच. म्हणाले, हे कमी पडलं तरी नसा बिघडतात आणि अति झालं तरी बिघडतात, तुमचं अति झालंय, आजपासून सगळं बंद. ही म्हणाली, "पण हे तर आम्ही संकटासाठी ठेवलं होतं." डॉक्टर म्हणाले, "मग, आलंय ते."

पाय परत येतील का? येतील म्हणाले, हळूहळू. पूर्ण येतील का? त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटची घंटा वाजवली. तोवर गाडी बंद. मालक म्हणाला, खुर्चीत बसून रस्त्याच्या खुणा शिकवा. म्हटलं, बरं.

पण हिने घरी येऊन काय केलं ते ऐका. हिने काही टाकलेलं मी लग्नापासून बघितलेलं नाही, सुतळीचा तुकडा टाकत नाही ही! त्या दिवशी एकेक बाटली उघडली, तारीखसुद्धा न बघता गोळ्या कचऱ्याच्या पिशवीत ओतल्या, कुणी उचलून खाऊ नये म्हणून वर चहाचा चोथा टाकला, आणि पिशवीला गाठ मारताना रडली. तेवढ्यात भावाचा फोन. "टाकल्यास? अगं, माझ्याकडे पाठवायच्या, वाया गेल्या ना!" हिने फोन ठेवून दिला. दादाचा फोन, मध्येच, हिने! मी बघतच राहिलो.

आता रोज संध्याकाळी माझे पाय मांडीवर घेऊन बसते. तेल लावते, बोट-बोट चोळते, टाचा चोळते, स्वतःची मनगटं दुखेपर्यंत. मी तेलाच्या बाटलीकडे बघितलं... कपाटातलीच. मुदत पुढच्या महिन्याची. असू दे. काल चोळता चोळता मध्येच थांबली, मान वर न करता विचारलं, "कळतंय का हो काही?"

काय सांगू तुम्हाला? दोन्ही पाय तिच्या मांडीवर आहेत हे मला दिसत होतं, म्हणून माहीत होतं. म्हटलं, "हो. कळतंय." एवढं चोळतेय बिचारी... वाया जायला नको.