मगर जिना चढत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भास्करराव, भयकल्पना रसिक मंडळाचे सचिव आणि आजचे सूत्रसंचालक विश्वंभरभाई, या तिसऱ्या खुर्चीवर ज्यांचा गुलदस्ता वेळेवर येऊन बसलाय पण जे स्वतः अजून अलकापुरीच्या रेल्वेखालच्या गरनाळ्यात अडकलेत ते प्रमुख पाहुणे, पहिल्या रांगेत बसलेली माझी आई, पंख्याखालची जागा मिळावी म्हणून दुपारपासून रुमाल टाकून बसलेले मंडळाचे सदस्य, आणि भुताखेतांशी काही देणंघेणं नसताना केवळ बटाटावड्यासाठी रावपुऱ्यापर्यंत स्कूटर दामटत आलेले रसिकहो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

विश्वंभरभाईंनी आत्ता माझी ओळख करून दिली. "आपली मोहना हैदराबादच्या मोठ्या गेम कंपनीत चालली, आपल्या मंडळाचं नाव रोशन करायला." एवढं ऐकून मलासुद्धा मोहनाला भेटावंसं वाटलं. कंपनी मोठी आहे हे खरंय. त्यांचा फळं जुळवायचा गेम इथल्या निम्म्या मोबाइलमध्ये आहे. माझं भाषण चालू असताना तिसऱ्या रांगेत एक काकू तो खेळतायत. खेळा काकू, आवाज तेवढा बंद करा. तर त्या गेममध्ये तुमचं आयुष्य संपलं की एक बटण येतं, 'आणखी आयुष्य हवंय?' त्या बटणाचा रंग ठरवायचा, हे माझं काम. चार वर्षं कॉलेज शिकले त्याचं सार्थक झालं.

पाहुण्यांसाठी, म्हणजे ते पोचले तर, मंडळाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. भुताचे सिनेमे, परग्रहावरच्या मालिका, मेलेले लोक उठून चालतात ते व्हिडिओ गेम, यांवर प्रेम करणाऱ्या बडोद्यातल्या मराठी माणसांचं हे मंडळ. प्रेम म्हणजे काय, हे तुम्हाला आमच्याकडे येऊन कळेल. आमचा सदस्य सिनेमाचा ट्रेलर येण्याआधी म्हणतो, वाट लावणार. ट्रेलर आल्यावर म्हणतो, लावली. सिनेमा पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाऊन बघतो आणि बाहेर येऊन म्हणतो, मी सांगितलं नव्हतं? मग चुकून काही राहिलं असेल म्हणून परत जाऊन बघतो. एखादी मालिका आवडलीच, तर तिचा पहिला सीझनच काय तो चांगला होता. पहिला सीझन चालू असताना काय चांगलं होतं असं विचाराल, तर ज्या कॉमिकवरून ती काढली ते. आणि कॉमिक? ते जपानीत वाचायला हवं. जपानी येतं का तुम्हाला? असले प्रश्न आमच्याकडे विचारत नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी याच हॉलमध्ये आमची चिरफाड असते. सगळ्यांनी ठरवून एक सिनेमा, मालिका किंवा गेम टेबलावर घ्यायचा. प्रत्येकानं त्यातला निदान एक दोष सांगायचा, कुणालाही सुटका नाही. आणि कुणाला स्तुती करायचीच असेल तर त्यानं सगळ्यांना सेवउसळ खिलवायची. स्तुती एवढी महाग केल्यावर ती करणार कोण? बारा जणांची सेवउसळ, वर तरी, वर जादा पाव. मंडळात कुणाला एखादी गोष्ट एवढ्या किमतीला आवडल्याची नोंद नाही.

दुसरा नियम याहून कडक आहे. मंडळात फक्त चाहते. जो स्वतः काही बनवतो, त्याचं सदस्यत्व गेलं. पाहुणे, तुम्हाला हे क्रूर वाटेल, पण त्याला कारण आहे. आमच्या सलीलनं मागं एक भयपट काढला होता, वीस मिनिटांचा. तो समोर बसलेला, त्याची बायको समोर बसलेली. बायकोच त्यात भूत झालेली. काय बोलणार? सगळे "छान, छान" म्हणत राहिले. तीन महिने मंडळात कुणी कुणाशी खरं बोललं नाही. मंडळ सभ्यपणानं मरायला टेकलं होतं. शेवटी विश्वंभरभाईंनी ठराव मांडला, बनवणारा बाहेर. टाळ्या वाजवून मंजूर. सलीलनंसुद्धा वाजवल्या बिचाऱ्यानं.

आता मुद्द्यावर येते. पाहुणे आले नाहीत तोवर वेळ काढायचाच आहे.

दिवाळीनंतरच्या चिरफाडीला विश्वंभरभाईंनी एक छोटासा गेम आणला. कुठल्या तरी निनावी स्टुडिओचा, पण मराठी. 'पाणी पायरीवर'. नदीला पूर आलाय, एका सोसायटीत वीज गेलीय, पार्किंगमध्ये पाणी आणि पाण्यात मगर. तुम्ही तळमजल्यावरून वर निघता. दुसऱ्या मजल्यावर एक दार बंद आहे. ते उघडल्याशिवाय वर जाता येत नाही. आतून एका बाईचा आवाज येतो, "कोणाची गं तू?" काय उत्तर द्यायचं ते आपण ठरवायचं. चुकलं की खाली पाण्याचा आवाज येतो आणि जिन्याची एक पायरी कमी होते.

मी त्या रविवारी नवा कुर्ता घालून आले होते. का, ते सांगते.

पहिलं मत तन्मयचं. तन्मयचं यूट्यूब चॅनल आहे, त्यामुळे त्याला आधी बोलू द्यावं लागतं, नाहीतर तो व्हिडिओ काढतो. तो म्हणाला, "यार, लॉजिकच नथी. मगर जिना चढते? कुठे पाहिलंय असं?" तरसालीत राहणारा तन्मय. गेल्या पुरात ज्याच्या सोसायटीच्या जिन्यावर मगर बसली होती आणि जो गच्चीवरून "कोई पकडो ने यार" असं ओरडत होता तो तन्मय. मी म्हटलं, अरे, तुझ्याच जिन्यावर होती ना? तर म्हणतो, "ती वेगळी गोष्ट. ती खरी होती. गेममध्ये ते पटायला पाहिजे ने."

हसू नका. मोठा विचार आहे हा.

मग त्यानं कबूल केलं की गेम त्यानं स्वतः खेळला नाही. कुणीतरी खेळताना त्यानं बघितला, दुप्पट वेगात, जेवता जेवता. "पण वाइब कळतो," म्हणाला.

विश्वंभरभाई म्हणाले, शहर पटत नाही. असं शहर कुठे असतं? एका बाजूला राजवाडा, मधे नदी, नदीत मगरी, आणि नदीपासून हाकेच्या अंतरावर मॉल. कल्पनाशक्ती जरा ताब्यात ठेवायला हवी होती. हे ते याच शहरात, रावपुऱ्यात बसून बोलले. विश्वंभरभाई, तुमचं बरोबरच होतं, मला रोज ऑफिसला जाताना तसंच वाटतं.

मग आमची यशश्री. यशश्री फक्त जपानी आणि कोरियन भुतांना घाबरते. आपली भुतं तिला डाउनमार्केट वाटतात. ती म्हणाली, "सॉरी, पण भूत मराठीत बोललं की मला हसूच येतं. असं वाटतं आता विचारेल, जेवलीस का. आणि तो आवाज! त्या बाईनं पोळ्या लाटता लाटता डायलॉग म्हटल्यासारखा वाटतो."

यशश्री, तुझ्या कानाला मानलं. ती बाई पोळ्याच लाटत होती.

ती बाई पहिल्या रांगेत बसलीय. आई, मागे वळून बघू नकोस, सगळे तुझ्याकडेच बघतायत. मी तुला म्हटलं होतं ना, एकदा जोरात म्हण, "कोणाची गं तू?" आणि तू म्हणालीस, "कशाला? काम करू दे. म्हटलं, झालं?" ते "म्हटलं, झालं" मी कापलं. बाकी तू आहेस.

हो, तो गेम माझा आहे. निनावी स्टुडिओ म्हणजे सुभानपुऱ्यातली माझी खोली.

तन्मय, बस खाली. "एम नहीं चाले" म्हणे! का नाही चालणार? तुला मी काही विचारलेलं नाही, तू अजून खेळलेला नाहीस.

तर नियमाप्रमाणे माझीही पाळी आली. एक तरी दोष सांगायचाच. स्वतःच्या गेमवर. मी म्हटलं, मेनूतली अक्षरं फार बारीक आहेत. तन्मयनं टेबलावर हात आपटला, "जो, बघा, कोणीतरी ऑनेस्ट बोललं!" माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी दाद. मग गेमला दहापैकी साडेतीन गुण पडले. त्यातला अर्धा मराठी असल्याबद्दल, सहानुभूतीचा.

तुम्हाला वाटेल, मोहनाला राग आला. नाही हो. रागावायला काहीतरी चूक असावी लागते. मला वाटलं, हे बरोबर आहेत. एवढे सगळे, एवढं बघितलेले, एवढं खेळलेले लोक. मी दुसरा भाग अर्धा बनवला होता, तो बंद केला. हैदराबादला अर्ज केला. बटणाचा रंग ठरवणाऱ्याला कुणी विचारत नाही की असं बटण कुठे असतं.

पण त्या रविवारी एक गोष्ट झाली होती आणि तिच्याकडे आपल्यापैकी कुणाचं लक्ष गेलं नाही. चिरफाड संपल्यावर भास्कररावांनी सगळ्यांना सेवउसळ खिलवली. आठवतंय? यशश्रीनं दोन प्लेटा खाल्ल्या. आपण समजलो, भास्कररावांचा वाढदिवस असेल. विश्वंभरभाईंनी "हॅपी बर्थडे" म्हणून पण घेतलं. भास्करराव "थँक्यू" म्हणाले. त्यांचा वाढदिवस एप्रिलमध्ये असतो.

काका, पाणी प्या. मला आधी पूर्ण करू द्या.

त्यांची पाळी आली तेव्हा ते काय म्हणाले, तेही कुणाला आठवत नसेल, कारण तेव्हा तन्मय नि विश्वंभरभाई मगरीवरून भांडत होते. ते म्हणाले, "मला पुढं जाता आलं नाही." तुम्ही समजलात, वय झालं, हात चालत नसेल. रिफायनरीत अख्खी नोकरी केलेला माणूस, त्याला चार बटणं दाबता येत नाहीत, असं समजलात तुम्ही.

नंतर मला त्यांचे फोन यायला लागले. गेम कुणाचा, हे त्यांना माहीत नव्हतं. मला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून. "मोहना, ती दुसऱ्या मजल्यावरची बाई काही दार उघडत नाही गं. मी माझं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. बडोद्यात कधीपासून आहोत ते सांगितलं. पायऱ्या संपत चालल्या." मी म्हटलं, काका, सोडून द्या, फालतू गेम आहे, साडेतीन गुणांचा. तर म्हणाले, "फालतू कसा? त्या यशश्रीचं जपानी भूत माझ्या दारात आलं ना, तर मी म्हणेन, बाई, पत्ता चुकला. ही बाई चुकलेली नाही. मला लाइट लावून झोपावं लागतंय."

लोक म्हणतात, रसिकांचं प्रेम मिळालं. मला रसिकांचं काय मिळालं? एक अडुसष्ट वर्षांचा माणूस लाइट लावून झोपला. यापेक्षा जास्त काय हवं असतं हो?

आणि परवा, म्हणजे हा समारंभ ठरल्यावर, त्यांचा परत फोन आला. "हैदराबादला चाललीस, छान झालं. तिकडे मोठे लोक असतील. कुणाला तरी विचार, याचा दुसरा भाग येणार आहे का. तिनं शेवटी दार उघडलं का, एवढंच कळायला हवं."

मला माहीत नाही. गेम मी केला, पहिल्या भागात ते दार कुठल्याच उत्तरानं उघडत नाही, आणि पुढं तिनं उघडलं का, ते मला माहीत नाही. दुसरा भाग केल्याशिवाय ते कळणार नाही. आणि हैदराबादला तर नक्कीच कळणार नाही. तिथल्या करारात लिहिलंय, नोकरीत असताना स्वतःचा गेम करायचा नाही, असलेला काढून टाकायचा. मी ते दोनदा वाचलं आणि आज दुपारी त्यांना कळवलं की मी येत नाही.

आई, बस. प्लीज. घरी जाऊन बोलू. लोणच्याची बरणी कुरियर केलीस ते माहितीय मला. शेजारच्या काकूंना सांगून झालंय तेही माहितीय. हो, इथली जाहिरातीच्या ऑफिसातली नोकरी आहे अजून, त्यांना मी राजीनामा दिलाच नव्हता. मला स्वतःवर तेवढा भरवसा होता.

विश्वंभरभाई कानात विचारतायत, मग हा निरोप समारंभ कशाचा? वडे तर तळून झालेत.

निरोप समारंभच आहे, विश्वंभरभाई. तुम्हीच ठराव मांडला होतात, बनवणारा बाहेर. आजपासून मी मंडळाची सदस्य नाही. हैदराबादला नाही, पण या हॉलमधून मी जातेय आणि मला वाईट वाटतंय. रविवारी संध्याकाळी आता मी कुठं जाऊ? तुमच्यासारखे लोक मला कुठं भेटणार? दुसऱ्याच्या दोन वर्षांच्या कामाची जेवता जेवता वाट लावणारे, आणि तरी पुढच्या रविवारी रुमाल टाकून जागा धरणारे? टोमणा नाही हा. म्हणजे आहे, पण सगळा नाही.

नियम बदलू नका. तन्मय, तू हात वर केलायस तो खाली घे. माझ्यासाठी अपवाद केलात तर पुन्हा "छान, छान" सुरू होईल, आणि ते मला सलीलच्या बायकोपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. दुसरा भाग दिवाळीपर्यंत होईल. झाला की टेबलावर घ्या. मला बोलवू नका. एवढंच करा, यशश्री, विश्वंभरभाई, आणि तन्मय, तू तर नक्की: आधी खेळा.

मंडळानं मला शाल दिली, ऐकून घेतलं, प्रमुख पाहुण्यांनी न येऊन माझा वेळ वाढवला, सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. अध्यक्षांची परवानगी न घेता त्यांची झोप चव्हाट्यावर आणली, त्याबद्दल काका मला रागवतील, त्यांचा हक्क आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर लहान समजून माफ करा. गेममध्ये झालं असेल तर करू नका.