दुखलं तर डावा हात वर करा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या दवाखान्याचे संस्थापक, आदरणीय मोठे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, समोर बसलेले माझे सहकारी, आज तोंड न उघडता नुसतं ऐकायला आलेले आमचे पेशंट, आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातला ती आमची मदतनीस, आम्हा सर्वांची ताई. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

पाहुण्यांनी आत्ताच ताईंच्या मायेच्या हाताचं वर्णन केलं. बावीस वर्षं प्रत्येक घाबरलेल्या पेशंटचा हात त्यांनी धरून ठेवला, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीने. पण मला त्या हाताबद्दलच बोलायचं आहे, आणि ते ऐकायला गोड लागणार नाही.

आमच्याकडे खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला एक वाक्य सांगतात. 'दुखलं तर डावा हात वर करा, आम्ही लगेच थांबतो.' काचेच्या दारावरही ते रंगवलंय, खाली 'भयमुक्त दंतोपचार' असं लिहून. किती धीर येतो ना ऐकून? आता खुर्ची डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर उजवीकडे, मदतनीस डावीकडे. आणि नव्या मदतनीस मुलीला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं, की पेशंटचा डावा हात हळूच हातात घ्यायचा, थोपटायचा आणि सोडायचा नाही. वर जाऊ द्यायचा नाही. तरीही निसटलाच, तर साहेबांचं उत्तर ठरलेलं असतं : 'झालंच, झालंच, दोन सेकंद.' हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, हे सगळेच म्हणतात. आम्ही तर दातांचेच डॉक्टर.

कुजलेल्या दाढा, पू, तोंडाचा वास, कशाकशात मी अकरा वर्षं हात घातलाय. किळस कधी वाटली नाही. ती वाटते आमच्या त्या मायेची. थोपटणाऱ्या हातांची. आणि त्यात माझेही हात आले.

पेशंटची ही कथा, तर आमची काय वेगळी? साहेबांनी अवजार ट्रेमध्ये आपटायचं, पेशंटच्या देखत 'अक्कल गहाण टाकलीस का' म्हणायचं, हे इथे रोजचंच. आमच्या मुली कुठे रडतात, ठाऊक आहे? अवजारं वाफेवर निर्जंतुक करायच्या खोलीत. यंत्र वाफ सोडायला लागलं की हुंदका ऐकू येत नाही. मीही तिथे रडले आहे, यंत्र सुरू व्हायची वाट बघून. साहेब, आपण घड्याळ बघताय. झालंच, झालंच.

गेल्या महिन्याची गोष्ट. बस चालवणारे एक गृहस्थ आले होते. आज ते तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांना विचारूनच सांगते. धिप्पाड माणूस, पण खुर्चीत बसताना म्हणाले, 'हसू नका, मला फार भीती वाटते.' साहेब हसले. दाढ पुरती बधिर झाली नव्हती, तरी यंत्र सुरू केलं. ताईंच्या हातात त्यांचा हात ताठ झाला. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच ताईंनी तो सोडून दिला. हात वर गेला. 'दोन सेकंद,' साहेब म्हणाले आणि यंत्र चालूच राहिलं. मग तोच हात पुन्हा उसळला, साहेबांच्या कोपराला लागला, आणि जिभेची कड कापली गेली. दोन टाके पडले. तोंडात कापूस असलेल्या त्या माणसासमोर साहेब ओरडले, 'हात सोडायला कुणी सांगितलं तुला?'

त्या गृहस्थांनी आधी ताईंकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. त्यांना सगळं कळलं.

मी कुठे होते? शेजारच्याच खुर्चीशी. मूग गिळून. संध्याकाळी साहेबांनी सांगितलं तसं केसपेपरवर मीच लिहिलं : 'मदतनिसाच्या निष्काळजीपणामुळे इजा.' अक्षर माझं, सही माझी. दुसऱ्या दिवशी ताईंना काढलं. निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, 'घरगुती कारणास्तव'. ताईंना दुसऱ्या दोन दवाखान्यांनी दारातूनच परत पाठवलं, कारण माझं ते वाक्य त्यांच्या आधी तिथे पोचलं होतं.

टाके काढायला ते गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, 'मॅडम, माझ्या गाडीत कुणी घंटी दिली की मी गाडी थांबवतो. खरंच उतरायचंय का, असं मागे वळून विचारत नाही.' माझी मलाच शिसारी आली.

काल ताईंना मी विचारलं, त्या दिवशी हात का सोडला? त्या म्हणाल्या, 'बाई गं, त्यांचा हात थरथरत होता की माझा, तेच मला कळेना. म्हणून सोडून पाहिला.'

म्हणून आज शालीसोबत मी एक कागद आणलाय. त्या दिवशी काय घडलं ते खरंखरं लिहून, खाली सही केली आहे. दंतवैद्यांच्या संघटनेचे अध्यक्ष पाहुणे म्हणून व्यासपीठावर आहेत, एक प्रत त्यांच्याकडे. एक ताईंच्या हातात. उद्यापासून माझ्या खुर्चीशी कुणी कुणाचा हात धरणार नाही. उद्या मला खुर्ची असेल की नाही, ते साहेब ठरवतील.

साहेब, आता आपला हात वर झालेला मला दिसतोय. डावाच आहे. मला अजून बरंच बोलायचं होतं. पण हात वर झाला की थांबायचं असतं. बघा, थांबता येतं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोलले असेन तर सभागृहाने ते पोटात घालावं. ताई, तुम्ही मात्र मला माफ करायची घाई करू नका.