दुर्रीची जोडी

हॅलो?

हां, पपा, बोला… झालं? इतक्यात? अहो, माझं अजून पीठसुद्धा मळून झालं नाही…

काय? ऐकू येत नाही, नुसता वारा येतोय. गाडीची काच वर करा. … हां, आता बोला.

कुठे आहात? … सावानेता गावातच? ओदुलियाबाईंच्या दारात? मग आत बसायचं सोडून गाडीत काय करताय?

निरोप दिला म्हणजे? कुणी कुणाला?

…तिनं तुम्हाला. बरं. … उंबऱ्यावरूनच. … आणि केक? … केक ठेवून घेतला. केक ठेवून घेतला आणि दार लावलं.

नाही हो, हसत नाहीये. बोकडाचं मटण शिजतंय, त्याचं झाकण वाजतंय.

हे बघा, घाबरू नका, पहिल्यापासून सांगा. बेल वाजवलीत. … दार कुणी उघडलं? … तिनंच. लगेच? … केस विंचरलेले होते? … आठवत नाही काय, इतकी वर्षं लोकांचे चेहरे वाचून पोट भरलंत तुम्ही. … हां. निळा झगा. इस्त्रीचा?

पपा, रविवारी दुपारच्या उन्हात इस्त्रीचा झगा घालून घरात कुणी बसत नाही. वाट बघत होती ती. … अहो, तुम्ही येणार हे तिला कसं माहीत ते मला काय माहीत. बायकांना असतं माहीत.

मग केक दिलात. दोन्ही हातांनी? … छान. … मग?

मग काही नाही कसं? हसतमुखानं दार उघडणारी बाई एकदम ‘सुखरूप जा’ कशाला म्हणेल? मधे काहीतरी झालं. केक तिच्या हातात गेला, तुमचे हात रिकामे झाले…

पपा.

पपा, हातांचं काय केलंत?

आठवा जरा. … टाळी? … आणि तळवे? … सुलटे-उलटे दोन्हीकडून दाखवलेत. तिला. दारात.

देवा माझ्या.

अहो, चिडत नाही… ऐका ना. तिचं काय चुकलं सांगा. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ती कसिनोत तुमच्या टेबलावर येऊन बसायची. पत्ते वाटणारा डीलर टाळी वाजवून रिकामे तळवे कधी दाखवतो? टेबल सोडताना ना? बघा, हातात काही लपवलेलं नाही, आम्ही चाललो. वरच्या कॅमेऱ्याला कळतं, तर समोरच्या बाईला कळणार नाही? केक ठेवला, हात दाखवले, म्हणजे मनुष्य निघाला. आता काय ती तुमची कॉलर धरणार होती?

सवय आहे ते कळतंय मला. तुम्ही घरात सूप वाढलंत तरी टाळी वाजवता. आई म्हणायचीच, ‘झाली यांची पाळी, आता भांडी मी घासते.’ … हो, आणि तिच्यावर मूठभर माती टाकलीत तेव्हासुद्धा. फादर नुसते बघत राहिले. तुमच्या कसिनोतली माणसं तेवढी रडायला लागली, त्यांनाच कळलं होतं.

…बरं. नाही काढत तो विषय.

काय? घरी येताय? नाही. मुळीच नाही. मटण तयार नाही आणि असतं तरी वाढलं नसतं.

उद्या कसं, पपा? आज रात्री तिच्या मुलाचा फोन येणार आहे रॉटरडॅमहून. ती ‘येते’ म्हणाली की तो तिकीट काढणार. तुम्हीच सांगितलंत ना? गेल्या रविवारी, तुमच्या कामाच्या शेवटच्या दिवशी, टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाली… काय बरं… हां. ‘इथे थांब म्हणणारं तरी कोण आहे मला.’ कुणाकडे बघून म्हणाली? … पानांकडे. मग, पानांकडेच बघणार. तुमच्याकडे बघून म्हणायची काय सोय ठेवली होती तुम्ही?

आणि कुठली पानं टाकून दिली होती तेव्हा? … बघा. दुर्रीची जोडी.

अहो हो, नियम होता. डीलरनं खेळणाऱ्याला बाहेर भेटायचं नाही, टेबलावर भुवईसुद्धा हलवायची नाही. म्हणून ती बाई बारक्या जोड्या तुमच्यासमोर उघड्या टाकून डाव सोडायची आणि तुम्ही तोंडातून अवाक्षर न काढता गोळा करायचात. आणि घरी येऊन आमच्यावर आदळआपट. ‘एवढी शहाणी बाई, तिर्रीची जोडी टाकते.’ जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी आईनं विचारलं, ही तिर्रीवाली आहे तरी कोण.

पण आता तुम्ही डीलर नाही, पपा. आता भुवया हलवा, हात हलवा, काय वाटेल ते हलवा.

…‘नाही’ म्हणाली तर? म्हणेल बापडी.

थांबा, गॅस बारीक करते. … हां.

मला पानं कुणी शिकवली? स्वयंपाकघरात, पैशांच्या जागी घेवड्याच्या बिया घेऊन? पाच पानं मला, पाच तुम्हाला. तुमचं एक उघडं, चार पालथी. आधी एक बी लावायची, मग पानं बघायची. टाकली तर ती बी गेली. राहायचं तर आणखी दोन ठेवायच्या. … हो, सगळं आठवतं मला. एक्का-राजाही नसेल तर मुकाट्यानं टाक. नुसते एक्का-राजा असतील तर डीलरचं उघडं पान बघ. तसलंच पान आपल्याकडे असेल तर लाव, कारण एक आपण अडवून बसलोय, त्याची जोडी जमणं अवघड. आणि जोडी आली तर?

तुम्ही म्हणा. … नाही, तुमच्याच तोंडानं ऐकायचंय मला.

…हां. कुठलीही जोडी टाकायची नाही. दुर्रीची असली तरी.

मी विचारलं होतं, दुर्रीच्या जोडीवर आपण जिंकतो का, पपा? शाळेतली पोर मी. खोटं बोलला असतात तरी चाललं असतं. तुम्ही काय म्हणालात? … ‘नाही. लांबचा हिशेब धरला तर हरतोच. पण टाकून देऊन जेवढं हरतो, त्याच्यापेक्षा कमी हरतो.’

मग आता गाडीत बसून काय टाकताय?

…समोर काय आहे ते दिसत नाही, हे खरं. पण समोरच्याची पालथी पानं उगाच भारी वाटतात, हेही तुमचंच. जवळजवळ निम्म्या वेळा डीलरकडे धड एक्का-राजासुद्धा नसतो, तो खेळतच नाही, आणि आपण मात्र आधीच घाबरून पानं टाकलेली असतात. आणि तिचं एक पान तर उघडं आहे, पपा. निळा झगा.

…कसिनोच शेवटी जिंकतो. हो, शंभरात पाच कसिनोचे. तरी लोक येऊन बसतात ना? निम्मे तर थंडगार हवेसाठी येतात आणि डीलरला आपलं नाव लक्षात राहतं म्हणून येतात. हे मी नाही म्हणत, तुम्ही म्हणायचात. तिचं नाव किती वर्षं लक्षात ठेवलंत?

…गाडीचं दार वाजलं का?

पपा? … हां. … उतरताय. बरं.

थांबा, थांबा. हात खिशात घाला. … म्हातारा मनुष्य खिशात हात घालून दारात वाईट दिसतो, तेही खरं. टोपी आहे ना? टोपी काढा आणि दोन्ही हातांनी घट्ट धरा. आणि भाषण नको. ‘थांबा’ म्हणा, बस. … ‘थांबा’ म्हणता येत नाही? टेबलावर दिवसातून शंभरदा म्हणायचात की.

फोन बंद करू नका, खिशात राहू दे. … मी ऐकणार नाही. … ऐकेन थोडंसं.

…

बेल वाजली.

…

पपा? … नुसता वारा. …

आता काय… अगंबाई, टोपी उडाली वाटतं. … धावू नका तिच्यामागे. राहू दे ती टोपी… हात रिकामे झाले तुमचे… पपा, हात खाली… हात खाली ठेवा…

…

हॅलो? … हो. … हो, मी मिला. त्यांची मुलगी. … माफ करा हं, ओदुलियाबाई. खिशातून आवाज येत होता का? … ‘हात खाली’ एवढं ऐकलंत. बरं.

हो, केक मीच केला. काजूचा. … ते लग्नातल्या काळ्या केकवर अडून बसले होते. मी म्हटलं, काळा केक घेऊन गेलात तर संध्याकाळपर्यंत अख्खं सावानेता लग्नाची तारीख ठरवेल. … हसताय ना? हसा. बरं वाटलं ऐकून.

मघाशी? … नाही नाही, ते निघाले नव्हते. जित्याची खोड हो ती. आमच्याकडे मिठाची बरणी ठेवली तरी हात दाखवतात. … तुम्हाला वाटलं, केक देऊन टाकला आणि संपलं? … हो ना. मलाही तसंच वाटलं असतं.

आणि आता काय म्हणाले? … काय?

‘दुर्रीची जोडी टाकायला नको होती तुम्ही.’ … एवढंच? … ‘थांबा’ नाही म्हणाले?

नाही म्हणाले. बरं.

…हो, खरं आहे ते. टाकायची नसते. … नाही, जिंकत नाही, ओदुलियाबाई. खोटं कशाला सांगू? लांबचा हिशेब धरला तर हरतोच. पण टाकून देण्यापेक्षा कमी. … इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं त्यांनी ते. आमची जेवणं करपली त्यापायी.

…मला काय वाटतं? पत्त्यांबद्दल बोलत असतील.

…नाही. मलाही नाही वाटत तसं.

तुमच्या मुलाचा फोन यायचाय ना? … अजून वेळ आहे. बरं. काय सांगायचं ते तुम्ही बघा, मी विचारत नाही. … नाही हो, खरंच विचारत नाही.

…

‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून सांगणार.

…

काही नाही. कांदा चिरत होते. … हो, मटण आहे. पुष्कळ आहे. या की दोघं, आमचं सांता क्रूझ या बेटावर काही लांब नाही. … टोपी सापडू दे, मग या.

फक्त एक सांगते. तिथून उठताना त्यांनी परत टाळी वाजवून हात दाखवले, तर मनावर घेऊ नका, ती नुसती… आत्ता कुठे आहेत त्यांचे हात?

…तुमच्या हातांत? दोन्ही?

मग तुम्ही फोन कसा धरलाय? … खांद्यानं.

बरं, बरं. मान अवघडेल तुमची. ठेवते मी.