ओव्हन आणि भजन

ऑफिसं सुटायची वेळ. बडा गणपतीच्या बसथांब्यावर कुमुदिनीबाई कलत्या उन्हामुळे पदर डोक्यावर ओढून रांगेत उभ्या होत्या. पुढे पाठमोरी उभी असलेली त्यांची शेजारीण प्रेमलता मैत्रिणीला सांगत होती,

"घरी गेल्यावर कौन घंटाभर कालवण ढवळेल? मासळीचे बिनकाट्याचे तुकडे घ्यायचे, वरून गूळ-चिंचेचा पाक चोपडायचा आणि ओव्हनमध्ये ढकलायचे. अर्ध्या तासात चकाचक!"

"पण तुझ्याकडे ओव्हन कुठे आहे?"

"शेजारच्या कुमुदिनीबाईंचा आणते. केक करायचाय म्हणून सांगते."

"हाय राम! त्या तर कांदासुद्धा खात नाहीत ना? कळलं म्हणजे?"

"कसं कळेल? लिंबानं घासून परत देते."

"आणि वास?"

"वास त्यांच्या अच्युतरावांना बरोब्बर लागतो. भजनाला जातो म्हणून निघतात, ते मागच्या दारानं थेट आमच्या पाटावर! दोन तुकडे तर त्यांनाच लागतात."

"भजन रोज असतं?"

"ओव्हन आणला की असतं. आजही आहे."

बस आली. कुमुदिनीबाईंनी पदर मागे सारला.

"प्रेमलता, आज एक पाट जास्त मांड गं. मीही येतेय भजनाला."