वीरप्पांची कव्हरं

लायब्ररीवाला म्हणजे चष्म्याआडून 'शू शू' करणारा गरीब माणूस, असंच ना? मग आमच्या तुळजापूरच्या वीरप्पांचं ऐका!

निजामाचं राज्य होतं. सोलापूरच्या एका मराठी पेपरला आमच्याकडं बंदी, अन् तोच पेपर वीरप्पांच्या वाचनालयात येतो अशी चुगली कुणीतरी केली. पोलिसांचे अमीनसाहेब जमादाराला दारात उभं करून आत घुसले अन् गरजले, "अखबार कहाँ है?"

वीरप्पांनी ओठावर बोट ठेवून भिंतीवरची 'शांतता राखा' पाटी दाखवली. मग काय, साहेब चक्क कुजबुजत झडती घ्यायला लागले! कपाटं झाली, माळा झाला, पेपर कुठंच न्हाय. आमी वाचक हसू दाबून लालेलाल. पेपर वाचून झाला की वीरप्पा त्याचीच पुस्तकांना कव्हरं घालायचे, अन् साहेबाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं!

वरून वीरप्पा म्हणतात कसे, "आलाच हाय तर एखादं उर्दू पुस्तक न्या की, साहेब." साहेब लई खूश. कव्हरासकट पुस्तक काखेत मारून चौकीवर गेले.

आठ दिवसांनी जमादार एकटाच आला. हा मात्र मराठी वाचणारा गडी. आमी कव्हरं घातलेली पुस्तकं पटकन मांडीखाली सारली. तो वीरप्पांच्या कानाशी वाकला अन् हळूच म्हणाला, "अप्पा, पुढच्या बारीला साहेबाला जरा मोठं पुस्तक द्या. बातमी अर्धीच ऱ्हायली."